हिरामणनं सांगितलेलं नाव

पलटणीतल्या धर्मगुरूला सगळे पंडितजी म्हणतात. पंडितजीला हुद्दा असतो, हुकूम नसतो. खांद्यावर नायब सुभेदाराची खूण, सलाम पुरेपूर, पण तो 'सावधान' म्हणाला तर पाय जुळवणारं कुणी नाही. घंटा त्याची, आरती त्याची आणि प्रसादाचा शिरा करपला तर शिव्याही त्याच्याच. नंदकिशोर पेंढारकर नावाच्या पंडितजीला त्याच्या मराठा पलटणीनं बरीच वर्षं सांभाळून घेतलं होतं. खरं म्हणजे खपवून घेतलं होतं. जवान त्याला विचारायचे, "पंडितजी, दुश्मन आला तर तुम्ही काय करणार? घंटा बडवणार?" पंडितजी म्हणायचा, "तुम्ही पळालात तर बडवीन. परत यायला रस्ता कळावा म्हणून."

एका बाबतीत मात्र त्याची चेष्टा होत नसे. हिवाळ्याच्या तोंडाशी कंपनी बर्फातल्या चौकीवर चढायच्या आदल्या सकाळी प्रत्येक जण नारळ घेऊन मंदिरात यायचा, वाकायचा आणि पंडितजीच्या कानात एक नाव सांगायचा. आपलं काही बरंवाईट झालं तर अग्नी कुणी द्यायचा, त्याचं नाव. ते कागदावर उतरवायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही. माणूस धडधाकट खाली आला की पंडितजी त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा, आणि नाव तिथंच संपायचं. सरकारी नियमांत हे कुठंच नव्हतं. साहेबलोकांना ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं वागायचं हेही ठाऊक होतं. पंडितजीच्या कारकिर्दीत आजवर सगळी नावं प्रसादावर मिटली होती. म्हणून या रिवाजाचं वजन किती, ते कुणी उचलून पाहिलेलं नव्हतं.

यंदा लान्स नायक हिरामण पिसाळची गाडी रॉकेलचे डबे वर पोचवताना दरीत गेली.

हिरामणचं घर कळंबोलीला. मूळचे साताऱ्याकडचे, पण बाप लोखंड बाजारात हमाली करायला आला आणि पुढची पिढी इथलीच झाली. थोरला भाऊ शहाजी हमालांचा टोळीप्रमुख झाला, मग दोन ट्रकांचा मालक, मग मालवाहतूकदारांचा 'दादा'. आता महापालिकेचं तिकीट मिळेल अशी त्याला आशा होती, म्हणून तो अंगात पांढरं घालत असे आणि कपाळाला मोठा टिळा लावत असे. भावाचं शव यायच्या आधीच सेक्टरभर फलक लागले. फलकावर हिरामणचा फोटो पासपोर्टाएवढा, हात जोडलेला शहाजी पुरुषभर.

शवपेटीबरोबर पलटणीचे पाच जण आले होते. सुभेदार पोपटराव, पंडितजी, हवालदार कुलदीप आणि दोन जवान. पोपटराव पेन्शनीला टेकलेला माणूस. आयुष्यात त्यानं एवढंच जपलं होतं की आपल्या नावावर एकही तक्रार नको. कुलदीप त्याच्या बरोबर उलट. अंगानं रेडा, डोक्यानं तापट, आणि पंडितजीची सगळ्यात जास्त टिंगल करणारा.

सलामी स्मशानात न देता मैदानात दिली, कारण स्मशानाच्या गल्लीत पुढाऱ्यांच्या गाड्या वळत नव्हत्या. मुंबईहून आलेल्या तुकडीनं हवेत फैरी झाडल्या, बिगुल वाजला, पुढाऱ्यांनी पुष्पचक्रं ठेवली आणि कॅमेरे निघेपर्यंत दुःख केलं. मग शवपेटीवरच्या तिरंग्याची घडी झाली. ती बायकोच्या हातात द्यायची असते. हिरामणची बायको सुनयना बायकांच्या घोळक्यात मागं होती, आणि शहाजी दोन्ही हात पुढं करून समोर उभा होता. पोपटरावनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि समोर जे हात होते त्यांत झेंडा ठेवला.

"साब," पंडितजी हळूच म्हणाला, "ती मागं आहे."

"घरातच जाणार ना? आज दिराच्या हातात, उद्या तिच्या. कशाला वाढवायचं?"

सुनयनानं ते पाहिलं. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक पिवळट डाग होता, जुन्या माराचा. तो पंडितजीनं पाहिला.

पंडितजीला हिरामण आठवला. इतरांनी नुसतं नाव सांगितलं होतं. हिरामण नाव सांगून पुढं रेंगाळला होता. "सुनयना," तो म्हणाला होता, "आन् पंडितजी, शहाजीचा हात लागू देऊ नका मला. मी वर असतो तवा त्यो तिला मारतो. मी घरी गेलो की माझे पाय धरतो. आई बघती आन् भाकरी थापती." पंडितजीनं त्याला म्हटलं होतं की एकच नाव सांगायचं असतं, गाऱ्हाणं नाही. हिरामण हसला होता. "मग नावच धरा."

सलामीची तुकडी आणि पुढारी निघून गेले. पोलिसांची जीप त्यांच्या गाड्यांना वाट करून द्यायला हायवेपर्यंत गेली. स्मशानात उरले ते पलटणीचे पाच जण, घरचे, आणि शहाजीचे तीस-चाळीस हमाल. ते थेट बाजारातून आले होते, कमरेला गोणी ओढायचे आकडे तसेच खोचलेले. काही जणांच्या हातात सळ्या होत्या. स्मशानात सळई कशाला, असं कुणी विचारलं नाही. लोखंड बाजारातल्या माणसाच्या हाताला सळईची सवय असते, आणि शहाजीला आपली माणसं रिकाम्या हातानं उभी केलेली आवडत नसत.

चितेवर देह ठेवला. राळ टाकली, तूप घातलं. मडक्यात विस्तव तयार होता. शहाजीनं उपरणं कमरेला बांधलं आणि मोबाइलवाल्या पोराला म्हणाला, "इकडून घे. चेहरा आला पायजे."

पंडितजीनं विस्तवाचं मडकं उचललं आणि वळून मोठ्यानं म्हणाला, "सुनयनाताई, पुढं या."

सगळ्यांच्या माना बायकांच्या घोळक्याकडं वळल्या.

"काय?" शहाजी म्हणाला.

"अग्नी त्या देणार आहेत. हिरामणनं तसं सांगून ठेवलंय."

"कुणाला सांगितलंय?"

"मला."

"कागुद दाव."

"कागद नसतो त्याला."

शहाजी हसला. मग त्याची माणसं हसली, कारण मालक हसला की हसायचं असतं. "आरं पंडित, तू पलटणीचा आसशील. ह्यो माझ्या आईच्या पोटचा हाय. बाईमाणूस आगीला हात लावतंय व्हय आमच्यात? भावकी जोड्यानं हाणंल मला."

सुनयना बायकांतून निघाली होती. राजाबाईनं, तिच्या सासूनं, तिचा पदर धरला. "नगं गं. गप ऱ्हा. तुला ऱ्हायचंय हितंच." सुनयनानं पदर सोडवला आणि पुढं आली. "मला कधीच काय बोलले नाहीत," ती पंडितजीला म्हणाली. "खरंच माझं नाव घेतलं?"

"पहिलं आणि एकच."

ती हात पुढं करणार, एवढ्यात शहाजीनं तिच्या कानशिलात मारली. साधी थप्पड नव्हती. मागून हात आणून मारलेली, सवयीची. ती लाकडाच्या ढिगावर कोसळली, कपाळ फुटलं. कुणी ओरडलं नाही. त्यानं तिचे केस धरले आणि फरशीवरून फरफटत चार पावलं मागं नेली, गोणीला आकडा लावून नेतात तशी. तिथं सोडून परत आला, उपरणं सारखं केलं. "हं. द्या मडकं."

पोपटराव पंडितजीच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. दात न उघडता बोलला, "द्या त्याच्या हातात. पंडितजी, ऐका माझं. आपण पाच, ते चाळीस. उद्या पेपरात येईल, फौजी सिव्हिलियनशी भिडले. तुम्हाला काही नाही, माझी पेन्शन जाईल. नाव तुमच्या कानात होतं, कानातच राहू द्या. कुणाला कळणार?"

"तुम्हाला कळलं की आत्ता."

"मी विसरलो."

पंडितजीनं त्याच्याकडं पाहिलं. मग आवाज न चढवता, पण मागच्या तिघांना ऐकू जाईल इतपत म्हणाला, "साब, परवा आपण सगळे परत वर जाणार. तुमचंही नाव आहे माझ्याकडं. तेही असंच विसरू का? तुमच्या दारात कुणी मोठ्या आवाजाचा उभा राहिला, तर त्याच्या हातात मडकं देऊन मोकळा होऊ?"

पोपटरावनं कुणाचं नाव सांगितलं होतं ते त्याला आणि पंडितजीलाच ठाऊक. पण त्याच्या चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की ते नाव मोठ्या आवाजाच्या माणसाचं नव्हतं. कुलदीपचा जबडा हलायचा थांबला. तो मघापासून सुपारी चघळत होता. दोन जवानांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. पंडितजीवरच्या प्रेमाला त्या क्षणी उधाण आलं असं म्हणणं खोटं होईल. चौघांनी आपापल्या घराचा विचार केला. ज्याच्या त्याच्या मनात एक शहाजी होता. कुणाचा चुलता, कुणाचा मेहुणा, कुणाचा सख्खा बाप. आणि त्या शहाजीला अडवायला या पोथीवाल्या माणसाखेरीज जगात कुणी नाही, हे चौघांना एकदम समजलं. माणसं दुसऱ्यासाठी उभी राहतात तेव्हा त्यात आपलं किती गुंतलंय ते आधी चाचपतात. इथं बरंच गुंतलं होतं.

कुलदीपनं सुपारी थुंकली. "साब, हुकूम."

पोपटरावनं टोपी सरळ केली. "चितेला घेरा. हात आपण उचलायचा नाही. पण वाट सोडायची नाही."

चौघे चितेभोवती कोपरात कोपर अडकवून उभे राहिले. आत पंडितजी, मडकं आणि हिरामण.

शहाजीला आधी हे खरंच वाटेना. "ए फौजी, सरका." कुणी सरकलं नाही. त्यानं धाकट्या जवानाच्या छातीवर लाथ घातली. जवान वाकला, पण साखळी सुटली नाही. मग शहाजीनं मान वळवून आपल्या माणसांकडं पाहिलं. इतकंच. त्या माणसांची रोजची भाकर त्या एका मानेवर चालत होती.

पहिली सळई कुलदीपच्या खांद्यावर बसली. दुसरी पोपटरावच्या मांडीवर. आकड्यानं एकानं थोरल्या जवानाच्या दंडात टोक घुसवून ओढलं, बाही फाटली, खाली मांस उघडं पडलं. तो ओरडला, पण कोपर त्यानं सोडलं नाही. लाकडं अंगावर आली. चितेसाठी रचलेलीच लाकडं, दोघादोघांनी उचलून फेकलेली. धाकट्या जवानाचं नाक फुटून रक्त छातीवर आलं. पोपटराव एकसारखं म्हणत होता, "हात नाही. हात नाही. हात नाही." कदाचित स्वतःलाच सांगत असावा. बायका किंचाळत बाहेर पळत होत्या. राजाबाई कपाळ बडवत होती. "आरं थोरल्या, मेलेल्याची तरी लाज धर!"

शहाजी साखळीच्या खालून आत घुसला. त्याच्या हातात कुणाची तरी सळई होती. "दे मडकं."

पंडितजीनं मडकं छातीशी धरलं. विस्तवाची धग सदऱ्यातून कातडीला लागत होती. "नाही," तो म्हणाला.

शहाजीनं सळई आडवी फिरवली. ती पंडितजीच्या जबड्यावर बसली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. पंडितजी गुडघ्यावर बसला, तोंडातून दात आणि रक्त एकत्र पडलं. मडकं त्यानं सोडलं नाही. दुसरा वार पाठीवर पडला. तिसऱ्याला तो हिरामणच्या पायांवर कोसळला, मडकं पोटाखाली धरून, आणि जळक्या कातडीचा वास सुटला.

कुलदीपनं वळून पोपटरावकडं पाहिलं. हुकूम मोडायचा तर विचारून मोडायचा, ही पलटणीची शिस्त.

पोपटरावनं मान दुसऱ्या बाजूला वळवली. तिकडं नुसती भिंत होती. "मला इकडं काय दिसत नाही," तो भिंतीला म्हणाला.

मग साखळी सुटली. कुलदीपनं समोरच्या हमालाचा सळईवाला हात धरून उलटा मोडला. मनगट लोंबायला लागलं. त्याच सळईनं त्यानं दुसऱ्याचा गुडघा फोडला. थोरला जवान दंडात आकडा तसाच ठेवून एकाच्या नाकावर डोकं आपटत होता, पुन्हा पुन्हा, तो माणूस मऊ होईपर्यंत. धाकट्यानं एकाला खाली पाडून त्याच्या तोंडावर बुटाची टाच ठेवली. चाळीस जण चाळीस राहिले नाहीत. जे मजुरीवर मारायला आले होते, त्यांनी मजुरीच्या मानानं मार जास्त होतोय हे ओळखलं आणि भिंतीवरून उड्या टाकल्या.

शहाजी पंडितजीच्या पोटाखालून मडकं ओढत होता. पोपटराव लंगडत आला. तक्रार नको म्हणून आयुष्यभर आवाज न चढवलेल्या त्या माणसानं शहाजीची मान मागून धरली, त्याचा चेहरा चितेच्या कडेच्या लोखंडी कठड्यावर आपटला, वर उचलला, पुन्हा आपटला. "हा झेंड्याचा," तो म्हणाला. "चुकीच्या हातात दिला मी. माझी चूक." तिसऱ्यांदा आपटल्यावर शहाजीच्या तोंडाचा आकार बदलला होता. कुलदीपनंच मग सुभेदाराला मागं ओढलं. "साब, बस. मरंल त्यो."

सुनयना उठली होती. कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं, ते तिनं पदरानं पुसलं. जवानांनी पंडितजीला चितेवरून उतरवून खाली निजवलं, आणि तिनं त्याच्या हातातून मडकं सोडवून घेतलं. आत अजून विस्तव होता. तिनं फुंकर घातली, गोवरीचा तुकडा धरला आणि थांबली. काय म्हणायचं, काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पंडितजीनं मंत्र म्हणायला तोंड उघडलं. जबडा एका बाजूला लोंबला आणि नुसता घोगरा आवाज आला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही.

कुलदीपला मंत्र येत नव्हता. पण दर मंगळवारी मंदिरात उभं राहून त्यानं आरतीनंतरचे श्लोक ऐकले होते, पेंगत, जांभया देत, शेजाऱ्याला चिमटे काढत. त्यानं त्यातलंच जे आठवलं ते सुरू केलं. जवानांनी सूर ओढला. पोपटरावनं खालच्या पट्टीत साथ दिली. उच्चारांची नुसती कत्तल झाली होती, दोन श्लोकांची शेपटं तिसऱ्याला जोडली गेली, आणि अग्नीच्या जागी मध्येच गणपती आला. पंडितजी जमिनीवर पडल्या पडल्या हातानं ताल देत होता, आणि चुकलं की बोट हलवत होता. चौघे दुरुस्त करत होते.

सुनयनानं चितेला अग्नी दिला. राळेनं भडका घेतला. ती मागं सरकली नाही.

पोलिसांची जीप परत आली तेव्हा ज्वाळा छपराला लागत होत्या. पोलीस हवालदारानं एकंदर दृश्य पाहिलं. फरशीवरचे दात, कण्हणारे हमाल, भिंतीला टेकून बसलेला शहाजी. "कोणी सुरू केलं?" त्यानं सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसाला विचारलं.

पोपटराव ताठ उभा राहिला. "फौजेकडनं जी मारामारी झाली ती माझ्या हुकुमानं. लिहा."

"अहो साब," कुलदीप म्हणाला, "तुम्ही तर भिंतीकडं बघत होता."

"तू गप रे."

सुनयना पुढं आली. "फौजेचं नंतर लिहा. आधी माझी तक्रार घ्या. मला मारलं, फरफटत नेलं. आजच नाही, लग्नापासनं. पंडितजींचं तोंड फोडलं."

राजाबाई धावत आली आणि तिच्या पायाशी बसली. "सुने, एक गेला गं माझा. दुसरा तरी ऱ्हाऊ दे. कुठं ऱ्हाशील तू त्याला आत घालून? छप्पर त्याचं हाय!"

"राहू दे की," सुनयना म्हणाली. "कोठडीत राहील. मी कुठं राहीन ते बघते मी."

"सुने..."

"आई, तुम्ही भाकरी थापत होता तेव्हा मी ओरडत होते. आज तुम्ही ओरडा."

पोलीस हवालदारानं पेन काढलं. "मारणाऱ्याचं नाव?"

सुनयनाचे ओठ हलले नाहीत. सासरी आल्यापासून तिनं थोरल्या दिराचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. तिच्या माहेरी, सासरी, अख्ख्या भावकीत कुठल्याच सुनेनं घेतलं नव्हतं. 'ते', 'दादा', 'थोरले' म्हणायचं. बाजारात कुणी विचारलं तर बोटानं ट्रक दाखवायचा. भिंतीला टेकलेल्या शहाजीनं सुजलेला डोळा उघडून तिच्याकडं पाहिलं. ती बोलणार नाही, याची त्याला त्या अवस्थेतही खात्री असावी.

मागं चितेतलं एक लाकूड फुटून खाली आलं. दोन्ही जवानांनी पंडितजीला उचलून जीपकडं न्यायला हात घातला, पण त्यानं त्यांना थांबवलं. त्याला ऐकायचं होतं.

"शहाजी," सुनयना म्हणाली. मग पोलीस हवालदारानं पेन टेकवायच्या आत, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट तिनं ते पुन्हा सांगितलं, आणि तो काय लिहितोय ते वाकून पाहत उभी राहिली.